भुलाबाईपुढचं गाणं आणि बिनसहीचा कागद

तीर्थस्वरूप बबनदादांस,

कामरगावहून धाकट्या कस्तुराचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत, माझा आवाज तर जरा जास्तच. (फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही मला मध्येच तोडता. पत्र तोडता येत नाही, फार तर फाडता येतं.)

तुमचा निरोप पोहोचला: भुलाबाईपुढचं ते गाणं बंद कर, आणि बाबांच्या शेताच्या हक्कसोडीवर कोजागिरीच्या आत सही करून पाठव. दादा, गाणं तुमच्यावर नाही. सगळ्या भावांवर आहे. त्यात तुम्हीही येता, याला मी काय करू?

झालं असं, की लहानपणापासून भुलाबाईपुढे आपण हेच ऐकत आलो: सासू वाईट, नणंद वाईट, भाऊ तेवढा साखरेचा. आता मीच सासू झाले. माझ्याच अंगणात पोरी सासूचा उद्धार करतात आणि वर खिरापतही मीच द्यायची! म्हटलं, यंदा थोडं भावाकडे वळवावं. शेजारची हुस्नाबानो शिलाई मशीनवर बसून ऐकत होती. तिनं ताल धरला आणि जमलं:

साडी नको, चोळी नको, दादा, भांडण-तंटा नको,
सातबाऱ्यावरचं बहिणीचं नाव मातर खोडू नको.

त्यातलं ‘भांडण-तंटा नको’ हुस्नाबानोचं. तिनं वडिलांच्या दुकानातला आपला वाटा केव्हाच घेतला. म्हणते, “वाटा घेतला म्हून भाऊ तुटले काय? ईदले तिघंही माह्याच घरी शिरखुर्मा पेऊन जातेत.”

मग आम्ही किराणावाल्या मोहनसिंगच्या दारी गेलो. पोरींनी डब्यातली खिरापत पहिल्याच फटक्यात ओळखली, शेवेचे लाडू. ओळखली की डबा उघडायचा, हा नियम. पण या गृहस्थानं गेल्याच महिन्यात बहिणींच्या सह्या घेतलेल्या. “आंदी गानं बंद करा, मंग डबा,” म्हणत तो डबा पोटाशी धरून बसला. पोरींनी तेच गाणं अकरा वेळा म्हटलं. सातव्या वेळी माहेरपणाला आलेली त्याची बहीण गाऊ लागली. (ती आधी रडली, हे तुमच्यापर्यंत पोहोचलेल्या व्हिडिओत नाही.) अकराव्या वेळी त्याच्या आईनंच डबा हिसकावला. व्हिडिओत जोरजोरात टाळ्या वाजवणारी बाई मीच. तुम्हाला लाज वाटली म्हणे. मला नाही वाटली. साठाव्या वर्षी पहिल्यांदा इतकी मोकळ्या गळ्यानं गायले. गाणं बंद होणार नाही. उद्या तर देवळापुढेच आहे.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची बहीण (सातबाऱ्यावरही अजून तीच),
कस्तुरा

ता. क. कागद बिनसहीचाच परत पाठवते आहे. बाबा गेल्यापासून तुम्ही मला त्या बांधावर एकदाही नेलं नाही. सोमवारी माझी मीच येते. माझ्या वाट्याचं सोयाबीन तेवढं उभं ठेवा. ते मला माझ्या हातानं कापायचं आहे.

आणखी एक. गाण्याचं दुसरं कडवं वहिनींनी रचून दिलं आहे. (त्यांना विचारूनच लिहिते आहे.) त्यांच्या माहेरच्या वाट्यासाठी त्यांच्या भावाला तुम्ही जी नोटीस धाडलीत ना, त्यातले तुमचे शब्द जसेच्या तसे चालीत बसले.