टाकीमागची सावली

गुरुजी, तुमचा पुतळा झालाय. रागावू नका, छातीपर्यंतच आहे; चष्मा तेवढा शिल्पकारानं जरा सढळ हातानं दिलाय.

ढोकीच्या रस्त्यावरचं ते माळरान तुम्ही सरकारी शाळेसाठी मागून घेतलंत, तेव्हा गाव तिथून लांब होतं आणि लोक हसले होते. पत्र्याच्या खोल्या, बाकी नुसते दगड. उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत जायचे, तुम्ही श्लोक अर्ध्यावर धरून थांबायचात. माझं पाठांतर चुकलं की मी त्याच मैदानात, उन्हात उभा. आता गाव शाळेला ओलांडून पुढं गेलंय, इमारतीवर मजला चढलाय, तुमचा विषय मी शिकवतो. आणि रस्त्याकडेच्या जागेवर सगळ्यांचा डोळा आहे.

म्हणून शाळा समितीचे अध्यक्ष स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "सर, गुरुजींचा पुतळा बसवायचा. लई उपकार हायत त्यांचे," तेव्हा मला शंका आली. तुमच्या हयातीत या गृहस्थांनी तुम्हाला साधा नमस्कार केलेला मला आठवत नाही. पण पूर्वपक्ष आधी ऐकावा ही तुमची शिस्त. विचारलं, "कुठं बसवायचा?"

"मागं, पाण्याच्या टाकीपाशी. सावली हाय तिथं."

मैदानात आलो तर त्यांच्यासोबतचा माणूस टाकीकडं फिरकेना. रस्त्याची कडा टेप धरून मोजत होता.

"चौथऱ्याचं माप व्हय?" मी त्याला विचारलं.

"न्हाय, दुकानाच्या गाळ्यांचं," तो बोलून गेला. अध्यक्षांना खोकला आला.

मागं तुमच्या पुतळ्याचं कौतुक चाललं की पुढच्या गाळ्यांना कुणी हरकत घेणार नव्हतं; आणि गाळे उठले की पोरांचं मैदान संपलं. पालकसभेत मी हात जोडून म्हणालो, "गुरुजींना टाकीमागं का लपवायचं? रस्त्याकडेला, मधोमध बसवा. येणारा-जाणारा नमस्कार करील." टाळ्या पडल्या. एकदा बसलेला पुतळा हलवायची आपल्याकडं कुणाची छाती नाही, हे अध्यक्षांना माझ्याइतकंच ठाऊक. बाहेर पडताना म्हणाले, "तुमी संस्कृतवाले लई गोड बोलता, सर."

पोरं तुमच्या पाठीमागं खो-खो खेळतात. अध्यक्ष हल्ली तुम्हाला फार मोठे हार घालतात. मी त्या हारांमागं टेप शोधत असतो.

तिथं सावली मात्र नाही. दुपारभर ऊन थेट तुमच्या टकलावर. वर छत्री बसवू, असं पालकांनी सुचवलं होतं. घाई काय आहे, असं म्हणणारा मीच. हे तुम्हाला कळायला नको, म्हणून पत्र घडी करून खिशातच ठेवतोय.