सासऱ्यांच्या गाडीचा सेल्फ

४ नोव्हेंबर, मंगळवार

संचिताचा फोन. ठाण्यात फ्लॅट घेतला धाकटीने! सोळा तारखेला, रविवारी गृहप्रवेश. सकाळी बुद्धवंदना, मग जेवण. वर म्हणे, "ताई, स्टेशनवरून रिक्षा कर हं." रिक्षा! दारात गाडी उभी असताना!

ठरलं. गाडीनेच जायचं. तिच्या गेटसमोर दार उघडून मी उतरणार — सावकाश.

गाडी बंद आहे, एवढाच प्रश्न.

५ नोव्हेंबर

गाडी सासऱ्यांची. जुनी फियाट. बाबा होते तोवर कुणाला हात लावू देत नसत, पोटच्या पोराला, प्रफुल्ललाही नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले, आणि महिन्याभरात गाडी चालू करणारा सेल्फही गेला. चावी फिरवली की नुसतं टक्! तेव्हापासून प्रफुल्ल दर रविवारी गाडी पुसतो, आत बसून पेपर वाचतो आणि सुस्कारा सोडतो — "हा सेल्फ आता मिळतच नाही, मंजू."

म्हटलं, मग धक्का मारून चालू करू. "बाबांच्या गाडीला धक्का? अख्खं मोहने गाव हसेल!"

एरवी रिक्षात बसला की रिक्षावाल्याला गिअर शिकवतो हा माणूस.

७ नोव्हेंबर

मीच फोन लावले. कल्याण, उल्हासनगर, ठाणे. खरंच मिळत नाही. एका दुकानदाराने विचारलं, "मॅडम, म्युझियममधून बोलताय का?"

८ नोव्हेंबर, शनिवार

शिवणक्लासमधली सगुणा म्हणाली, आमचे हे बघतील. तिचा नवरा नाथा खाडीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्याने सेल्फ उतरवून खोलला. आत काळे ठोकळे असतात, कार्बन म्हणतात त्यांना, ते झिजून संपलेले.

"नवा मिलनार नाय, वयनी. पन बोटीचे कार्बन हायत माझ्याकरं. मोठे हायत, घासून बसवू."

घासणार कोण? मी! त्याला गप्पांतून सवड कुठे.

प्रफुल्लचा चेहरा पडला. "बोटीचा पार्ट? गाडी खाडीकडे ओढेल!" आम्ही बौद्ध, देवाशप्पथ म्हणणार नाही, पण अगदी असंच म्हणाला.

१० नोव्हेंबर

पॉलिश पेपरवर कार्बन घासतेय. हात काळे, नाक काळं, आज भाकरीवरही बोटं उमटली. प्रफुल्लने मुकाट्याने खाल्ली. फारच मुकाट्याने.

१२ नोव्हेंबर

आजची त्याची कारणं — टायर जुने आहेत. ठाण्यात पार्किंग मिळत नाही. रविवारी ट्रॅफिक असतो. मी म्हटलं, पहाटे निघू. मग म्हणे, पहाटे धुकं असतं.

मोहन्यात धुकं!

बाबांची आठवण येत असेल का त्याला? वाईट वाटलं. पण घासणं थांबवलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लागला! लागला!! कार्बन बसले, बॅटरी चार्ज करून आणली, पेट्रोल नवं भरलं. नाथाने चावी फिरवली — आधी टक्, मग घर्रर्र, आणि गाडी अशी थरथरली की बॉनेटवर झोपलेलं मांजर थेट कौलांवर! चाळीने टाळ्या वाजवल्या. मी रडलेच. नाथा सगळ्यांना सांगत होता, "म्या घासले कार्बन, म्या!" सांगू दे.

प्रफुल्ल कुठे? संडासात. तासभर.

उद्यासाठी पांढरी साडी इस्त्री केली.

१६ नोव्हेंबर, रविवार

संचिताच्या गेटसमोर रिक्षाने उतरलो.

सकाळी मी नटूनथटून पुढे बसले. प्रफुल्ल स्टिअरिंग धरून बसला. आरसा पुसला, काच खाली-वर केली. मग हळूच म्हणाला, "मंजू, यातला ब्रेक कुठला गं?"

मला बघायला आले तेव्हा आमच्या अण्णांनी नोकरी विचारली, घर विचारलं, दारातली गाडी स्वतःची का तेही विचारलं. मुलाला चालवता येते का, हे कुणी विचारलंच नाही!