तीस पश्चिमेच्या अलीकडे

२ जून, केफ्लाविक

आले एकदाची! अकुरेरीहून सगळा संसार गाडीत कोंबून निघाले, ती थेट घरमालकिणीच्या दारात. गुद्लौग तिचं नाव. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, ब्रिंदिस ना तू? वैमानिक म्हटल्यावर मला वाटलं, कुणीतरी थोराड येईल. मग वाळवलेल्या माशावर बोटभर लोणी थापून पुढ्यात ठेवलं. खोलीतून धावपट्टीचं टोक दिसतं. अंगणात ल्युपिनची जांभळी फुलं माजली आहेत आणि बाहेर पाऊल टाकलं की क्रिया नावाचे समुद्रपक्षी टाळूवर चोच मारायला टपलेले. या दिवसांत अंधार असा होतच नाही. जाड पडदा ओढायचा आणि रात्र झाली असं मानायचं. आता मी खरीखुरी सहवैमानिक. आईला फोनवर सांगताना हसूच आवरेना.

५ जून

पहिलं उड्डाण, बॉस्टनला. कप्तान हाफ्लिदी: पन्नाशीचा, पोट सुटलेला, अखंड गुणगुणणारा. भर समुद्रावर रेडिओ नुसता खरखरतो, म्हणून तिथे हवाई नियंत्रणाची परवानगी लेखी येते. टिंग वाजतं, पडद्यावर इंग्रजी ओळ उमटते, ती वाचायची आणि 'मान्य' दाबायचं. आजची ओळ: ॲट तीस पश्चिम, क्लाइंब, सदतीस हजार. म्हणजे तीस अंश पश्चिम रेखांश गाठल्यावर सदतीस हजार फुटांवर चढा. तोवर आहात तिथेच राहा, कारण वरच्या उंचीवरून दुसरं कुणीतरी आडवं जातंय. हाफ्लिदीनं 'मान्य' दाबलं आणि त्याचा हात लगेच उंचीच्या बटणाकडे. मी म्हटलं, तीस यायचंय अजून. त्यानं पुन्हा वाचलं आणि गडगडून हसला. म्हणाला, अकुरेरीच्या सगळ्या पोरी मास्तरणीच जन्माला येतात का गं? बॉस्टनला त्यानंच शेवंड खाऊ घातलं.

९ जून

सकाळी पोहण्याच्या तलावावर, गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून आमची अर्धी कंपनी बसलेली. हाफ्लिदीनं स्वतःचीच फजिती रंगवून सांगितली. सगळे खिदळले. मग एक जण हळूच म्हणाला, माझंही झालंय असं. मग दुसरा. तिसऱ्यानं मान डोलावली. हाफ्लिदी म्हणाला, अरे, आपण चढायची वाटच बघत असतो. वर गेलं की इंधन कमी लागतं. मग 'चढा' एवढंच दिसतं. त्याच्या आधीचं ते दीड अक्षराचं 'ॲट' कुणाच्या बापाला दिसतंय? या वेळी कुणी हसलं नाही. कुणीतरी हवामानाचा विषय काढला.

१४ जून

आज मी.

हाफ्लिदी कॉफी आणायला मागे गेला होता. टिंग वाजलं. ओळ होती: क्लाइंब, सदतीस हजार. मी दोनदा वाचली. 'मान्य' दाबलं, बटणाला हात घातला, तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. हाफ्लिदी. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. 'ॲट' तिथेच होतं. पहिलाच शब्द. मी दोनदा वाचलं होतं, शपथेवर सांगते, तिथे काही नव्हतं.

उतरल्यावर कंपनीच्या मुख्य वैमानिकाला सांगितलं की परवानगी दोघांनीही मोठ्यानं वाचायची, शब्दाखाली बोट धरून, असा नियम करा. तो म्हणाला, कल्पना छान आहे, उन्हाळ्याची गर्दी सरली की बघू. अजून कुणी मेलं तर नाही ना?

१७ जून

राष्ट्रीय दिन. झेंडे, फुगे, मिरवणूक. गुद्लौग ओढून घेऊन गेली. बेकरीच्या दारावर 'उघडं' वाचून मी दार ढकललं आणि कपाळ काचेवर आपटलं. पाटी होती, 'दोननंतर उघडं'. गुद्लौग हसून हसून वाकली. म्हणाली, आणि ही बया विमानं चालवते!

मला हसता आलं नाही.

१९ जून

काल आमचं एक विमान तीसच्या अलीकडेच चढलं. दुसरं इतक्या जवळून गेलं की त्याच्या खिडक्या मोजता आल्या असत्या, असं एक प्रवासी बाई म्हणत होती.

कप्तान हाफ्लिदी होता.

दुपारी आला. गुद्लौगच्या स्वयंपाकघरात बसला, कॉफीला शिवला नाही. गुणगुणणंही नाही. म्हणाला, तू म्हणालीस तसंच केलं, ब्रिंदिस. दोघांनी मोठ्यानं वाचलं. बोट धरून. मी वाचलं, सहवैमानिकानं वाचलं. दोघांनीही 'चढा' एवढंच वाचलं, आणि दोघांनीही तेवढंच ऐकलं.

मग बराच वेळ स्वतःच्या बोटाकडे बघत राहिला.

२१ जून

झोप नाही. पडद्याच्या फटीतून ऊन. सारखं ऊन.

झोपेच्या गोळीच्या पाकिटावरचं तीन वेळा वाचलं. तिन्ही वेळा वेगळं—

मुख्य वैमानिकाला सांगितलं, मी विमान चालवणार नाही. तो म्हणाला, बॉस्टनला जाऊन आठवडाभर सरावाच्या यंत्रावर बस. जाताना प्रवासी म्हणून जा, झोप काढ.

२३ जून, विमानात

खिडकीची जागा. पुढे कोण आहेत, विचारलं नाही. मुख्य हवाई सेविका स्टेनुननं कॉफी दिली.

समोरच्या पडद्यावर नकाशा. पंचवीस पश्चिम.

झोपायचं. झोपायचं—

इंजिनाचा आवाज बदलला. कपातली कॉफी माझ्याकडे कलली. नाक वर.

सव्वीस. अजून सव्वीसच.

स्टेनुनला पुढे फोन लावायला लावला. कप्तान म्हणाला, परवानगी आहे, निवांत बस. मी म्हटलं, पहिला शब्द वाच. म्हणाला, क्लाइंब. त्याच्या आधीचा वाच. म्हणाला, आधी काही नाहीये. मग पुटपुटला, ॲट. मग शिवी. फोन—

जागेवर परतले तोच विमान खाली दाबलं. कॉफी छताला. किंकाळ्या—

खिडकीत ठिपका. मागे पांढरी रेघ. काचेवर सरकणारा ठिपका बाजूनं निघून जातो. हा सरकत नाही. जागच्या जागी नुसता मोठा—

पंख फुटले त्याला.

स्टेनुन ओरडतेय, डोकं खाली घाल, ब्रिंदिस, डोकं—

शेपटीवर निळी अक्षरं. वाचता येताहेत. पहिलं. दुसरं. ति