कुमुदच्या चपला

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

अंजलीने आज पुन्हा तो विषय काढलाच! “पप्पा, वर्षश्राद्धाला तरी आईंच्या चपला दान करू या ना. तेराव्याला छत्री दिली, चपला राहिल्या. पुढच्या वाटेला लागतात, असं गुरुजी म्हणाले होते.”

सुनेला मी शांतपणे सांगितले की मृत व्यक्ती कोठेही चालत जात नसते. हे समजण्यासाठी माझ्याप्रमाणे पाटबंधारे खात्यात अभियंता असण्याची आवश्यकता नाही. कुमुदच्या चपला माझ्या कपाटात आहेत. कपाटाला कुलूप आहे. विषय संपला!

१३ नोव्हेंबर

राकेश बायकोच्याच बाजूने बोलला. मुलाकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

१६ नोव्हेंबर, रविवार

ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान. विषय: प्रवरा-गोदावरी खोऱ्यातील आद्य शेतकरी. वक्त्या तेजस्विनी, पुरातत्त्वाच्या तरुण अभ्यासक. पत्रकात ‘बंधारा’ हा शब्द दिसला म्हणून गेलो.

पूर्वार्ध उत्कृष्ट. तीन हजार वर्षांपूर्वी, लोखंड ठाऊक नसताना, या शेतकऱ्यांनी बांध घातला, पाट खणला, पुराचे पाणी शेतात वळवले! जव पिकवले, पेवांत साठवले. लाल मडक्यांवर काळी नक्षी काढली. माझी मान अभिमानाने ताठ झाली होती.

मग तिने एक छायाचित्र लावले. घराच्या जमिनीखाली पुरलेली स्त्री. उशाशी पाण्याचे भांडे. आणि घोट्यांखाली पाय नाहीत. कापलेले!

मी उभा राहिलो. “पायांची हाडे लहान असतात. झिजून गेली असतील. ज्यांनी पाट काढला, ते असले रानटी कृत्य करणार नाहीत.”

“काका, हाताची बोटं जागच्या जागी आहेत की.” (काका! पहिल्याच भेटीत!) “आणि असे सांगाडे बरेच मिळालेत. घरच्यांनीच कापले असणार. आपलं माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून, असं आम्हाला वाटतं.”

संघाचे चिटणीस पुंजाराम मागून ओरडले, “आमच्या हिचे कापले तरी ती भाजीबाजार गाठेल!”

सारे सभागृह हसले. मी निघून आलो.

१७ नोव्हेंबर

संताप उतरत नाही. जिने त्या घरात जन्मभर दळले, रांधले, तिचेच पाय? तिला कोणी विचारले होते? आणि याला म्हणे माया! याला डांबून ठेवणे म्हणतात.

कुमुद रोज पहाटे हिरावाडीतून गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, चालत जाई. गुडघा सुजलेला असला तरी. “गंगेवर जाऊन येते हो,” एवढे दारातून सांगे. मी वर्तमानपत्रामागून “ये” म्हणे. अशा स्त्रीचे पाय— लिहवत नाही.

१९ नोव्हेंबर

सुलाबाई फरशी पुसत होत्या. “साहेब, ह्या कपाटात काय ठेवलंय एवढं कुलूप लावून?”

सांगितले. त्यांच्या हातातले फडके थांबले.

“म्हंजी बाईंना अनवाणी धाडलं? एवढ्या चालणाऱ्या बाईला? लय वाईट केलं, साहेब.”

असे काही नसते, मी म्हणालो.

“नसतंय, तर मग कुलूप कशापायी?”

घरकामास ठेवलेल्या बाईने मालकास विचारावयाचा हा प्रश्न आहे काय?

२० नोव्हेंबर

कुमुदच्या उशाशी रोज तांब्या भरून ठेवतो. सवय आहे. त्यातून कोणी अर्थ काढू नये.

२४ नोव्हेंबर, सोमवार

उद्या वर्षश्राद्ध. अंजलीने मला न विचारता दानासाठी नव्या चपला आणल्या. चकचकीत, कडक पट्ट्यांच्या, आणि टाच केवढी उंच! एक वर्ष सासूबरोबर काढले नाही, चांगली नऊ वर्षे काढली. तरी हिला तिचा पाय कळू नये? कुमुदच्या उजव्या करंगळीला घट्टा होता. या चपला कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंतदेखील जाऊ देणार नाहीत. एवढी लांबची वाट ती यांत कशी चालणार—

वरचे वाक्य माझ्याच अक्षरात आहे. खोडत नाही.

२५ नोव्हेंबर

पहाटे कुलूप काढले. तिच्या जुन्या चपला पुसल्या. गुरुजी येण्यापूर्वी उंबरठ्याबाहेर ठेवल्या. टाचा घराकडे, तोंड गंगेकडे.

“ये” म्हणालो नाही. “जा” म्हणालो.