भट्टीची जाळी मी नेली

विल्कोमा,
फेब्रुवारीतला तिसरा मंगळवार

चि. नीबाल्दो यास थोरली बहीण ओतिलिया हिचे आशीर्वाद, आणि भावजय मारुहालाही (तिचा यात काही दोष नाही).

पत्राचं कारण आधी लिहिते, म्हणजे घरी परतल्यावर तू पोलिसांना बोलावणार नाहीस. तुझ्या अंगणातली मांस भाजायची जाळी चोरीला गेलेली नाही. ती मी नेली. भर दुपारी, टोमॅटोंना पाणी घालायला म्हणून तूच दिलेल्या किल्लीने फाटक उघडून, ग्लादिसच्या बटाट्याच्या गाडीतून. कुत्रा भुंकला नाही. उलट गाडीपर्यंत सोडायला आला.

आता रीतीप्रमाणे विचारते. कंबर कशी आहे? मारुहाच्या पायाची सूज उतरली का? जेवल्या जेवल्या समुद्रात उतरू नकोस, साठी उलटलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. मी ठणठणीत आहे, फक्त उजवा खांदा दुखतो, त्याचं कारण पुढे येईल. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस, आणि या विषयात तुला मध्ये बोलायचा अधिकार उरलेला नाही.

जुन्या इंजिन-शेडचं संग्रहालय झाल्यापासून मी तिकडे फिरकले नव्हते, हे तुला ठाऊक आहे. बाबांचं सातशे चौदा नंबरचं इंजिन इतकी वर्षं पावसात गंजताना फुकट पाहिलं होतं, तोच गंज पाहायला तिकीट काढणं मला पटेना. पण ग्लादिस म्हणाली की या महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते इंजिन पेटवणार आहेत, आणि ते पुलापर्यंत जाऊन परत येणार आहे. तेव्हा गेल्या गुरुवारी मी गेले. नीबाल्दो, मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आणि पूर्ण गुण मी कुणाला दिलेले नाहीत (तुझ्या थोरल्यालाही नाहीत, त्याचा राग मारुहाने अजून धरलाय). म्हणून पुढचं वाक्य नीट वाच. ते काम पूर्ण गुणांचं आहे. बॉयलरच्या नळ्या नव्या, पितळ असं घासलेलं की त्यात मला माझी टोपी वाकडी असल्याचं दिसलं, चाकांच्या कडा लाल. मी रुमाल काढून चाकामागे पुसून पाहिलं, रुमाल स्वच्छ. आणि हे केलं कुणी? परदेशातून आलेल्या इंजिनिअरांनी नव्हे. आपल्या न्हाव्याने, दोन बेकरीवाल्यांनी, पाव विकून पाठ मोडलेल्या बायांनी, आणि बाबांच्या हाताखाली कोळसा टाकणाऱ्या एरिबेर्तोने, जो आता या सगळ्यांचा मुकादम आहे. मला इतका अभिमान वाटला की मी कुणाचीही चूक न काढता शेडभर एक फेरी मारली. लोक घाबरले. त्यांना वाटलं, बाईंना बरं नाही.

मग मी एरिबेर्तोला सांगितलं की रविवारी मी इंजिनावर चढणार. तुला बाबा पुलापर्यंत न्यायचे आणि तू दर वेळी डोळ्यांत काजळी गेली म्हणून रडत उतरायचास. मी जेवणाचा डबा घेऊन खाली उभी. मुलींनी वर यायचं नसतं, एवढं म्हणून बाबा डब्यातला अर्धा पाव वरूनच मला परत द्यायचे. वाफेच्या दाबाचे नियम मी मुलांच्या पिढ्यांना घोटून शिकवले, पण ती वाफ जिथून सोडतात त्या दांड्याला माझा हात आजवर लागलेला नाही. पुढच्या वर्षी माझे गुडघे ती शिडी चढतील याची खात्री मला नाही. तेव्हा याच रविवारी.

एरिबेर्तोने टोपी काढली (म्हणजे नकार येणार, हे मी ओळखलं). म्हणाला, "बाई, वर फक्त सभासद."

"मग मला सभासद कर."

"काय आणलंत?"

इथला नियम मला तेव्हा कळला. रेल्वे बंद पडली तेव्हा अख्ख्या गावाने सातशे चौदा थोडं थोडं करून घरी नेलं. (चोरलं म्हणायचं नाही. 'जपलं' म्हणायचं. मी चोरलं म्हणाले तेव्हा न्हावी दुखावला.) एरिबेर्तोने घंटा नेली होती, ती नातवंडांना जेवायला बोलावण्यासाठी वाजे. ग्लादिसच्या पावाच्या भट्टीचं झाकण म्हणजे इंजिनाची नंबरपट्टी होती, म्हणून तिच्या पावावर इतकी वर्षं उलटे आकडे उमटायचे, आणि मला वाटे ती वजन लिहिते. पाद्रीबुवांनी पुढचा दिवा चर्चमध्ये टांगला होता. ज्याने जे जपलं ते परत आणलं की तो सभासद, त्याला निळा कोट मिळतो. दुसरी वाटच नाही. मी म्हटलं, आपल्या घराण्याने इंजिनाचा एक खिळासुद्धा उचललेला नाही, मी मुलगी आहे ड्रायव्हरची. तर एरिबेर्तो म्हणतो, "बाई, मुलगी म्हणजे काही सुटा भाग नव्हे."

ग्लादिस तो निळा कोट घालून ड्रायव्हरच्या जागेवर पाय सोडून बसली होती. वरून म्हणाली, "प्रामाणिक राहिलीस ना जन्मभर? आता बस खाली!"

मी विषय बदलला आणि काम कुठे अडलंय ते विचारलं. भट्टीच्या जाळीच्या अकरा सळ्या मिळत नाहीत, त्यांच्याशिवाय कोळसा खाली राखेत पडेल, रविवार हुकेल. मग मी बोलले. कोण हा निर्लज्ज, गावाच्या इंजिनाचं पोट काढून नेणारा, त्याच्या घरी अन्न कसं गोड लागतं, वगैरे. चांगली पाच मिनिटं बोलले, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी. सगळे आपापल्या चहाच्या कपात पाहत राहिले. मला वाटलं, शब्द लागले.

मग न्हावी खाकरून म्हणाला, "अन्न गोड लागतं हो बाई. अठरा सप्टेंबरच्या सणाला नीबाल्दोच्या अंगणात तुम्ही याच सळ्यांवरची कोकराची बरगडी तीनदा मागून घेतलीत."

नीबाल्दो, त्या क्षणी माझा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. मारुहाला ग्लादिसकडून कळेलच. एरिबेर्तो सळ्या मागायला तुझ्याकडे किती तरी वेळा येऊन गेला म्हणे. दर वेळी तू त्याला बसवलंस, डुकराच्या मांसाच्या लोंगानिसा भाजून वाढल्यास, आणि बिचारा तृप्त होऊन घरी गेला. "पोट भरल्यावर माणूस काय मागणार, बाई?" असं तो मलाच विचारत होता.

पुढचं थोडक्यात. तू समुद्रावर, किल्ली माझ्याकडे, गाडी ग्लादिसची. तू सळ्या सिमेंटने विटांत बसवल्या आहेस हे मला ठाऊक नव्हतं. छिन्नी आणि हातोडा मी चालवला (खांदा). जाळीच्या डावीकडची भिंत पडली. उजवीकडची पडली नव्हती, पण एकटी बरी दिसेना, म्हणून तीही पाडली. घरी सगळ्या सळ्या कॉस्टिक सोड्यात टाकून घासल्या. तुझ्या चरबीचे थर निघता निघेनात, आणि खाली लोखंड कसं? नवंकोरं! एरिबेर्तोने बोट फिरवलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेडमध्ये राहिलेल्या सळ्यांवर गंज चढला होता, पण तुझ्या अकरा तुपात ठेवल्यासारख्या राहिल्या. तुझ्या खादाडपणाने इंजिन वाचवलं असं तो सर्वांसमोर म्हणाला. मला हे मान्य नाही, पण झालं तसं लिहिते.

मात्र माझ्या सभासदत्वाला त्याने हरकत घेतली. या सळ्या नीबाल्दोने जपलेल्या, नीबाल्दोच्याच नावावर जमा होणार. मी विचारलं, रेल्वेतून उचलून नीबाल्दोने आणलं ते जपणं, तर नीबाल्दोकडून उचलून मी आणलं ते काय? शेडमध्ये मत घेतलं. न्हावी माझ्या बाजूने पहिला हात वर करणारा. ग्लादिस म्हणाली, "हिने भिंतीसकट जपलंय, द्या कोट!" कोट मिळाला. बाह्या लांब आहेत, मी दुमडून घेतल्या. रविवारी पुलापर्यंत दांड्यावर माझा हात असेल.

तुझी, आणि या आठवड्यापासून गावातली शेवटची प्रामाणिक बाई न उरलेली,
ओतिलिया

ता. क. टोमॅटोंना पाणी घातलं. पिकलेले खाल्ले.

ता. क. २. एक लहानशी अडचण आहे. जमा केलेल्या वस्तूवर आधीच्या जपणाऱ्याची हरकत नाही, अशी सही लागते, नाही तर शनिवारी कोट परत. वर तुला जे काही म्हटलं आहे ते जरा घाईत लिहिलं आहे. तू लहानपणापासून मनाने मोठा होतास. खाली सही करून हे पान बसच्या ड्रायव्हरबरोबर शुक्रवारपर्यंत पाठव. विटांचा खर्च माझा.

ता. क. ३. मारुहाच्या जिरेनियमची कुंडी म्हणजे सातशे चौदाच्या धुराड्याची टोपी आहे, हे मला पाणी घालताना दिसलं. मी तिला हात लावलेला नाही. ती तुझी तू आण. वर दोघांपुरती जागा आहे, आणि काजळीसाठी मी चष्मा आणीन.

जमा पावती
मिळाल्या: भट्टीच्या जाळीच्या ओतीव सळ्या, अकरा, स्वच्छ.
रेल्वेकडून नेल्या: नीबाल्दो इनोस्त्रोसा.
नीबाल्दोकडून नेल्या: ओतिलिया इनोस्त्रोसा.
सोबत: मांस उलटायचा चिमटा, एक. इंजिनाचा नाही, पण चांगला आहे, ठेवून घेतला.
आधीच्या जपणाऱ्याची हरकत नाही: ................ (इथे, नीबाल्दो. शाईने.)