शारजाला कायले बोलावलं

बाबा,

तुम्ही असता तर मला जाऊच दिलं नसतं. नर्सिंगच्या हॉस्टेलमधली माझी मैत्रीण, जी लग्नानंतर शारजाला गेली आणि तिथल्या एका दवाखान्यात नोकरीला लागली, तिचा इतक्या वर्षांनी फोन आला. "शुक्रवारी ये, रविवारी वापस जा. तिकीट मी पाठवतो. नागपूरवालीलेही बोलावलं हाय." नागपूरवाली म्हणजे आमच्या खोलीतली तिसरी. ती लगेच तयार झाली. मी मात्र झरी जामणीच्या दवाखान्यात ड्रेसिंग करता करता एकच विचार करत होते, हिनं बोलावलं कायले?

हा विचार तुमचाच. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर तुम्ही पहाऱ्याला उभे असायचात आणि सुट्टी झाली की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची डब्याची पिशवी चाचपायचात, अगदी मामाचीसुद्धा. मामा चिडला की शांतपणे म्हणायचात, "तुह्यावर शंका नाही घेऊन राह्यलो, पिशवीवर घेऊन राह्यलो." हीच मैत्रीण एकदा दिवाळीच्या सुट्टीत आपल्या पांढरकवड्याच्या घरी आली होती. दिवेलागणीची वेळ. तुम्ही बाजूनं चहाचा कप पुढे करता आणि ती तो घेतच नाही, नुसती समोर पाहत बसते. उठून जाताना दारातल्या बादलीला अडखळते. ती गेल्यावर तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत. आई भाकरी थापत होती. "या पोरीची नजर बरोबर नाही. सांभाळून राहजो." मी मान हलवली. सगळ्यांच्या पिशव्या तपासणाऱ्या माणसाचा शब्द मी कधी तपासून पाहिला नाही.

विमानात नागपूरवालीला विचारलं, येताना सोनं तर नाही ना आणायला लावणार आपल्याला? ती म्हणाली, "तू बापावर गेली." पण तिथे पोचल्यावर शंका वाढतच गेली. मैत्रीण विमानतळावर आली नाही, नवऱ्याला पाठवलं. घरी दारात उभी राहून आमच्याकडे अशी टक लावून पाहत राहिली की मला अवघडल्यासारखं झालं. हॉटेलात मेनूकार्ड माझ्याकडे सरकवलं, "तूच वाच." संध्याकाळी खाडीकाठचे दिवे पाहायला जाऊ म्हटलं तर नको म्हणाली, आणि का ते सांगेना. शनिवारी सकाळी तिनं आम्हा दोघींना खजुराची बंद पाकिटं दिली, वर "बॅगेत खाली ठेवजा" असंही सांगितलं. ती आंघोळीला गेली तशी मी माझं पाकीट फोडलं आणि एकेक खजूर दाबून पाहत बसले. आत बिया होत्या, दुसरं काही नाही.

नागपूरवाली हे सगळं पाहत होती. मैत्रीण बाहेर आल्याबरोबर तिनं सांगून टाकलं, "हिले आता खरं सांग बाई, नाही तर ही तुह्यं घर चाचपते." म्हणजे तिला काहीतरी माहीत होतं आणि मला नव्हतं.

मैत्रीण पलंगावर बसली. "माह्या डोळ्याचा आजार हाय. अंधारात तर मले हॉस्टेलपासूनच दिसत नव्हतं, कोणाले सांगितलं नाही. मंग बाजूचं दिसनं गेलं. आता नळीतून पाह्यल्यावानी समोरचं तेवढं दिसते, तेही चाललं. वॉर्डातली ड्युटी सोडली. म्हटलं, हाय तोवर तुमची तोंडं पाहून घेतो."

"मले फोनवर काहून नाही सांगितलं?"

"तू मानलं नसतं," ती म्हणाली.

बाबा, तुम्ही पुढे केलेला तो कप तिला दिसलाच नव्हता. तुम्ही पाहिलं ते खरं होतं. त्याचा आपण लावलेला अर्थ खोटा होता. तो अर्थ मी इतकी वर्षं सांभाळला आणि तिच्यापासून जपूनच राहिले. त्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही. ती मला खिडकीशी बसवते आणि माझं कपाळ, मग नाक, मग हनुवटी, असं तुकड्यातुकड्यांनी पाहते. "केसं कमी झाले तुह्ये," म्हणते. मी रडत नाही, नागपूरवाली रडते.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच एवढं लिहिते. रविवारी निघण्यापूर्वी मैत्रीण आणि मी सोफ्यावर शेजारी बसलो होतो. ती बोलत होती आणि मी तिच्या कानाजवळ हात हळूच वर नेऊन बोटं हलवली. तिनं वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं समोर बघतच म्हणाली, "बांगड्या वाजल्या तुह्या. झाली तपासणी?"

"झाली," मी म्हटलं. तिनं चाचपडत माझा हात धरला आणि निघेपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर मी तिच्या डोळ्यांचं सगळ्यांना सांगितलं, तिच्या कानाजवळ हलवलेल्या त्या बोटांचं कोणाला नाही. ती वळली नाही तेव्हा मला बरं वाटलं होतं, बाबा. ही खोटं बोलत नाही, एवढंच मनात आलं. ती आंधळी होत चालली आहे, हे नंतर आलं.