सातव्या पायरीची रीत

२२ ऑक्टोबर १९५६, सोमवार

सकाळपासून खोकला चार वेळा. मोजायचा नाही असं ठरवलं होतं, तरी मोजला! दम्याला अकरा वर्षं झाली. रडत बसून तो कमी होत नाही, एवढं कळलंय. हसत राहायचं — निदान कचेरीत आणि अहल्येसमोर.

हिचं कार्तिकस्नान सुरू झालंय. सोबत म्हणून मीही पहाटे रामघाटावर जातो. परत चढताना हिचं एक खूळ — दर सात पायऱ्यांनी थांबते, तांब्यातलं थोडं पाणी पायरीवर घालते, डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटते. "माहेरची रीत आहे. तुम्हीही थांबायचं हं, नाहीतर पुण्य जातं." हिच्या माहेरच्या रीती काही संपत नाहीत!

२७ ऑक्टोबर

हुकूम आला. एक तारखेपासून नवं राज्य, आमचं खातं भोपाळला. जो जाईल तो हेडक्लार्क! पण क्वार्टर नाहीत, सहा महिने एकट्यानं काढायचे. शिवाय तंदुरुस्तीचा दाखला हवा. अहल्या एवढंच म्हणाली, "एकटे?" मी विषय बदलला.

३० ऑक्टोबर

खोकला वाढला. आल्याचा काढा. तरी गुणगुणत कचेरीत गेलो.

१ नोव्हेंबर, गुरुवार

मध्यभारत संपला. कचेरीत पेढे वाटले.

संध्याकाळी डॉक्टरांकडे. "घाट की सीढ़ियाँ चढ़ लेते हो?" म्हटलं, "रोज़! बिना हाँफे!" खोटं नाही बोललो. खरंच धाप लागत नाही हल्ली. मनाची उभारी, दुसरं काय! सोमवारी छाती तपासून दाखला देतो म्हणाले.

४ नोव्हेंबर, भाऊबीज

हिचे थोरले भाऊ भय्यासाहेब देवासहून आले. जेवताना मी थट्टेनं म्हटलं, "तुमच्या घरची ती सात पायऱ्यांची रीत मोठी कडक बुवा!"

ते बघतच राहिले. "कसली रीत, श्रीधरपंत? आमच्याकडे बायका परसातल्या विहिरीवर स्नान करतात. पायऱ्या आल्या कुठून?"

अहल्या वरण वाढत होती. मान वर न करता आत गेली.

माझा दम सात पायऱ्यांपर्यंतच पुरतो, हे हिला ठाऊक होतं. आणि मी म्हणे मनाची उभारी! फार लाज वाटली. भोपाळला मला कोण थांबवणार?

५ नोव्हेंबर

आज सातव्या पायरीवर मीच आधी थांबलो. म्हटलं, "थांब गं. दम लागलाय मला." अकरा वर्षांत पहिल्यांदा बोललो!

ती तिथेच पायरीवर बसली आणि रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "डॉक्टरांनाही असंच सांगा." सांगणार आहे.

पाणी आज पायरीवर घातलं नाही. दोघांनी प्यायलं.